वरच्या गल्लीचं पाणी

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

उद्या अर्ज भरायचा शेवटचा दिवस, आणि आज दुपारी ठरलं की आई निवडणुकीला उभी राहणार.

नगरपालिकेत आमच्या प्रभागातली एक जागा या वेळी अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव आहे. त्यासाठी विहारात सगळे जमले होते. जी नावं निघत होती ती कुणाच्या तरी बायकोची नाहीतर सुनेची होती, आणि बोलत मात्र त्यांचे नवरे होते. तेवढ्यात मागून द्रौपदाअक्का म्हणाल्या, "दीपमालाले उभी करा. ती बठ्ठास्ना मापं जानस." सगळे हसले. आई शिवणकाम करते, त्यामुळे गल्लीतल्या प्रत्येक बाईचं माप तिच्याकडे आहे हे खरंच. हसता हसता नाव पक्कं झालं.

अक्का खालच्या गल्लीत राहतात. माहेर दोंडाईचाचं. इथे येऊन चाळीस वर्षं झाली तरी भाषा तिकडचीच, अहिराणी, आहे, आणि ती बदलायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

आईने एकच वचन दिलं. पाणी दोन्ही गल्ल्यांना सारखं. आमची गल्ली चढावर आहे आणि अक्कांची उतारावर. एकाच पाइपातून आठवड्यातून एकदा पाणी येतं, कधी त्याहूनही उशिरा. खाली धो धो येतं आणि वर पोचेपर्यंत बोटाएवढी धार उरते. त्यामुळे आमच्याकडे मोटारी आणि भांडणं दोन्ही जास्त.

दुसरी गोष्ट मी सुचवली. पौर्णिमेला विहारात वंदनेसाठी सगळे येतातच. आई निवडून आली तर दर वेळी वंदना झाली की तिने त्याच सतरंजीवर बसायचं आणि ज्याला जे विचारायचं ते त्याने विचारायचं. खुर्ची नको, माईक नको. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर मला भीती वाटली की हे मी आईला न विचारता बोलून गेले.

आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बोललीस ना? मग आता निभवा." आबा म्हणजे माझे आजोबा, देवचंद. मित्रा हे माझं नाव त्यांनीच ठेवलेलं. लहानपणी दम्यामुळे माझी शाळा उशिरा सुरू झाली. तोवर त्यांनीच मला आईच्या शिवणाच्या खडूने फरशीवर अक्षरं शिकवली. रोज संध्याकाळी विचारायचे, आज काय पाहिलंस ते सांग, ऐकलेलं नको. ही वही लिहायची सवय त्यातूनच लागली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

चिन्ह मिळालं. शिलाई मशीन. आईला ते मिळावं म्हणून मी पसंतीक्रमात पहिलं लिहिलं होतं, पण मिळेल असं वाटलं नव्हतं. आता दारोदार सांगावं लागत नाही, बायका स्वतःच म्हणतात, "मशीनवालीले ना? माहीत हाये."

प्रचार अक्काच करतात. गुडघे दुखतात म्हणून प्रत्येक ओट्यावर बसतात, आणि बसल्या की उठत नाहीत, त्यामुळे लोक लवकर हो म्हणतात. पप्पा रेल्वेत आहेत, भुसावळला. सरकारी नोकरी असल्याने त्यांना प्रचार चालत नाही. ते इतके घाबरलेत की घरातसुद्धा निवडणुकीचं बोलत नाहीत. काल आईने "मला एक मदत करा" म्हटलं तर त्यांनी आधी दार लोटलं. तिला फक्त वरचा डबा काढून हवा होता.

२ डिसेंबर, मंगळवार

मतदान झालं. अक्कांनी खालच्या गल्लीतली म्हातारी माणसं स्वतः धरून धरून नेली. मी नियमाप्रमाणे केंद्रापासून लांब उभी होते. एकदा चुकून खुणेची रेघ ओलांडली, लगेच मागे आले. कुणी पाहिलं नसावं.

मतमोजणी उद्या होणार होती, ती एकवीस तारखेला गेली. सगळीकडची एकदम होणार म्हणे. आई म्हणाली, "बरं झालं, तोवर तुंबलेले ब्लाउज होतील."

२१ डिसेंबर, रविवार

आई निवडून आली.

गुलाल, हलगी, सगळं झालं. संध्याकाळी कौतिकनाना घरी आले. गेली दोन टर्म ते नगरसेवक होते, प्रभागाच्या पलीकडच्या टोकाला राहतात. या वेळी त्यांची बाजू हरली, तरी पेढे घेऊन आले याचं मला कौतुक वाटलं. आईला म्हणाले, "ताई, एक सांगू का? लग्नाला आन मयताला चुकायचं नाही. बाकीचं काय, व्हत राह्यतं."

आई म्हणाली, "आणि पाणी?"

ते हसले. "पान्याचं काय, ते आपोआप समजतं."

मला ते उत्तर नीटसं कळलं नाही. बहुधा अनुभवाने कळेल असं म्हणायचं असावं.

२८ डिसेंबर, रविवार

आज लिहिताना हात थांबत नाही. सकाळी पाणी आलं ते मोटार न लावता थेट टाकीत चढलं. मी जिन्यावर उभी राहून ऐकत होते. आमच्या नळाला असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. समोरच्या तोतारामकाकांनी ओट्यावरून आईला हात जोडले.

आईने गेल्या आठवड्यात पाणीपुरवठ्याच्या साहेबांना भेटून तक्रार दिली होती. अर्ज मीच लिहिला होता, तीनदा लिहून काढला. इतक्या लवकर काम होईल असं वाटलं नव्हतं. लोक उगाच म्हणतात की नगरपालिकेत ऐकत नाहीत. नीट लिहून दिलं तर ऐकतात.

आबांनी आज नळाखाली बसून अंघोळ केली. बादलीत घेतलंच नाही. बराच वेळ बाहेर आले नाहीत म्हणून मी दार वाजवलं, तर म्हणाले, "आहे, आहे, जिवंत आहे."

३ जानेवारी २०२६, शनिवार

पहिली पौर्णिमा. माझ्या मनासारखं सगळं झालं नाही, ते लिहिते.

वंदना झाल्यावर आई सतरंजीवर बसायला गेली, तेवढ्यात तोतारामकाका प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले. आई नको म्हणाली. ते म्हणाले, "आता तुमी आमच्या नगरसेविका, खाली बसल्या तं आमालेच वंगाळ वाटीन." कुणीतरी शाल आणली. आई शाल घेऊन खुर्चीवर बसली, आणि बसल्यावर तिला पाय कुठे ठेवावेत ते कळेना.

कुणीच काही विचारलं नाही. मी म्हटलं, विचारा ना, त्यासाठीच तर बसलोय. एक बाई म्हणाल्या, "आपल्याच बाईले काय इचारावं." मग शांतता नको म्हणून मीच आईला खुणावलं आणि तिने सांगितलं की पंधरवड्यात पाण्याचा दाब वाढला आहे. आमच्या गल्लीने टाळ्या वाजवल्या. खालच्या गल्लीच्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. अक्का उठल्या, म्हणाल्या चुलीवर दूध ठेवलंय, आणि गेल्या.

नंतर आठवलं, अक्कांकडे गॅस आहे.

मला वाटतं त्या दुखावल्या. निकालाच्या दिवशी आभार मानताना आईने त्यांचं नाव शेवटी घेतलं. ते मीच कागदावर शेवटी लिहिलं होतं. जाऊन माफी मागायला हवी.

११ जानेवारी, रविवार

आज पाणी आलं. टाकी भरली, पिंपं भरली, तरी नळ चालूच होता. मग मी अंगण आणि ओटा धुऊन काढला, पाइप लावून. किती वर्षांनी फरशीचा खरा रंग दिसला. पाणी गल्लीच्या उतारावरून खाली गेलं.

मागे वळले तर खालच्या वळणावर अक्का उभ्या होत्या. हातात रिकामी कळशी. म्हणाल्या, "अंगण धवी ऱ्हायनी का व?"

मी म्हटलं, हो अक्का.

"हाई पानी कोठे जास, देखं का तू?"

मला एकदम लाज वाटली. माझं मातकट पाणी त्यांच्या दारापर्यंत गेलं असणार. मी माफी मागितली आणि म्हटलं, पुढच्या वेळी आधी झाडून घेईन, म्हणजे चिखल होणार नाही. त्यांनी कळशी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "बरं." आणि बोअरकडे निघून गेल्या.

आभाराचंही बोलायचं होतं, राहिलं.

१९ जानेवारी, सोमवार

दरवर्षी अक्का थंडीतच बिबड्यांचं वाळवण करतात आणि आमचीही ज्वारी त्यांच्याचबरोबर भिजते. आज ज्वारी घेऊन गेले तर म्हणाल्या, "औंदा नही करत."

"तब्येत बरी नाही का?"

"तब्येतले काय व्हयनं?"

"मग?"

"नही म्हनं ना." त्यांनी आमची ज्वारीची पिशवी परत माझ्या हातात दिली.

मी शेवटी आभाराचं बोलले. म्हटलं, तुमचं नाव पहिलं यायला हवं होतं, ती चूक माझी. त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, "मित्रा, तू शिकेल शेस ना व?" माझ्या शिकण्याचा इथे काय संबंध ते विचारेपर्यंत त्या आत गेल्या.

घरी येऊन आईला सांगितलं. आई मशीनवर होती. तिने मशीन थांबवलं, दोरा तोडला आणि म्हणाली, "बघते मी." गेल्या आठवड्यात तिला पालिकेच्या पहिल्या सभेत कोपऱ्यातली जागा मिळाली आणि माईक तिच्यापर्यंत आलाच नाही. तेव्हापासून ती गप्प असते. मी तिला जास्त त्रास दिला नाही.

२८ जानेवारी, बुधवार

हे नीट, क्रमाने लिहायचं आहे.

दुपारी पुनाभाऊ आले. ते पालिकेचे व्हॉल्व्हमन. दोन्ही गल्ल्यांच्या वळणावर जो व्हॉल्व्ह आहे त्याची चावी त्यांच्याकडे असते. भाच्याच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले होते. आईने चहा ठेवला. चहा पिता पिता म्हणाले, "ताई, पानी बराबर येऊ राह्यलं ना वरते? काही कमी असलं तं सांगा, अजून दाबतो."

आईने विचारलं, "काय दाबतो?"

"खालचा व्हॉल. तो अंधी बंद करतो ना मी आता. खालचं बंद झालं का मंग वरते जोर येतो."

आई म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं असं करायला? साहेबांनी?"

पुनाभाऊंना प्रश्नच समजला नाही. "सांगाले कशाले लागतं? नानांच्या टायमाले नानांच्या गल्लीले. त्याच्या अंधी ज्या मॅडम होत्या त्याह्यच्या गल्लीले. निकाल लागला का मी तिकडे फिरवतो. नगरसेवकाच्या घरी पानी नाही म्हंजे मलेच शिव्या बसतीन."

"आणि माझा अर्ज?" मी विचारलं.

"कोनता अर्ज?"

त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. उलट आपण ताईंसाठी न सांगता केलं याचं त्यांना समाधान होतं. आईने त्यांना दुसरा कप चहा दिला. तो तिने का दिला ते मला कळलं नाही.

ते गेल्यावर आई म्हणाली, "महिना झाला."

मी अंगण धुतलं होतं. अक्का रिकामी कळशी घेऊन उभ्या होत्या, आणि मी त्यांच्याशी चिखलाबद्दल बोलत होते.

२९ जानेवारी, गुरुवार

रात्रभर नीट झोप नाही. सकाळी चहाच्या वेळी बोलणं झालं.

आईचं म्हणणं, पुनाला सांगून व्हॉल्व्ह गुपचूप पहिल्यासारखा करून घ्यावा. "पौर्णिमेला सांगितलं तर खालची माणसं म्हणतील, महिनाभर बरं गोड लागलं. वरची म्हणतील, हातातलं घालवलं. दोन्हीकडून मार."

मी म्हटलं, पहिल्यासारखं म्हणजे तरी कुठे सारखं होतं? आणि गुपचूप बदललं तर उद्या दुसरं कुणी गुपचूप परत बदलेल.

पप्पा म्हणाले, "मी यात बोलू शकतो का?" निवडणूक संपली हे त्यांना सांगावं लागलं. मग म्हणाले, "सांगून टाका." आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेले.

मला खात्री होती की आबा माझ्या बाजूने असतील. ते म्हणाले, "सगळंच सगळ्यांसमोर सांगायचं नसतं."

मी म्हटलं, तुम्हीच तर शिकवलंत, जे पाहिलं ते सांगायचं.

"तू लहान होतीस. ते शाळेपुरतं होतं."

मला फार राग आला. मी त्यांना बोलले की मग माझी अर्धी अक्षरं परत घ्या. असं बोलायला नको होतं. ते उठून टाकीपाशी जाऊन बसले. संध्याकाळी त्यांनी पुन्हा अंघोळ केली, एवढ्या थंडीत. सर्दी होईल म्हणून मी पाणी तापवून देते म्हटलं तर नको म्हणाले. पूर्वी त्यांना अंघोळीचा इतका सोस नव्हता. आमच्याकडे धार यायची नाही तेव्हा खालच्या नळावरून खांद्यावर हंडे घेऊन चढ चढणारे तेच होते, पप्पा ड्युटीवर असायचे. वय झालं की माणसं बदलतात, असं आई म्हणते.

शेवटी आईने ठरवलं की रविवारी पौर्णिमा आहे, तेव्हा सगळ्यांसमोर सांगायचं आणि तिथेच नवीन पद्धत ठरवायची. तोपर्यंत पुनाभाऊंना काही सांगायचं नाही, नाहीतर ते चौकात बोलतील.

३१ जानेवारी, शनिवार

आज पाणी आलं. जोरात आलं.

टाकी भरावी की नाही याचा मी बराच विचार केला. आपण नाही भरली तरी ते पाणी खालच्या गल्लीला जाणार नाही, खालचा व्हॉल्व्ह तर बंदच आहे. आमच्याच गल्लीत आणखी कुणीतरी भरणार. म्हणजे न भरून काही साधत नाही, नुसतं आपल्याला बरं वाटतं. आणि नुसतं स्वतःला बरं वाटावं म्हणून काही करणं हाही एक प्रकारचा अहंकारच. म्हणून भरली. पिंपंही भरली.

हे सगळं तर्काला धरून आहे. तरी लिहून दोनदा वाचलं.

१ फेब्रुवारी, रविवार

माघ पौर्णिमा.

आज मी लवकर जाऊन खुर्च्या आतल्या खोलीत ठेवल्या. आई सतरंजीवर बसली. तिने पदर सारखा केला आणि एका दमात सांगितलं. व्हॉल्व्ह, पुनाभाऊ, अर्ज, सगळं. म्हणाली, "मागच्या पौर्णिमेला मी तुम्हाला दाब वाढला म्हणून सांगितलं. तो तुमचाच कमी करून वाढला होता. मला माहीत नव्हतं, पण मी विचारलंही नव्हतं."

मला वाटलं झालं, सुटलो.

मग भिंतीपासून अक्कांचा आवाज आला. "बाई, तुमले कळनं कव्हय?"

त्या आईला नेहमी दीपमाला म्हणतात.

आई म्हणाली, "बुधवारी."

"आन काल शनवार व्हता. काल पानी उनं. काल कोनी भरं?"

आई माझ्याकडे बघू शकली असती. टाकी मी भरली होती, ती तर ब्लाउजचं माप घ्यायला बाहेर गेली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "आम्ही भरलं."

कालचा तो सगळा तर्क मला तिथे उभं राहून सांगता आला असता, आणि एकही बाई त्यावर हसलीसुद्धा नसती. मी उठले आणि म्हटलं, अक्का, टाकी मी भरली. आई घरी नव्हती.

अक्का म्हणाल्या, "तू कसाले उठनी? तुले कोनी निवडी देयेल नही. बस खाले."

पहिल्यांदाच कुणीतरी हसलं. मी बसले.

"मंग पुढली बारी बठ्ठी आमनी," अक्का म्हणाल्या. पुढच्या वेळचं सगळं पाणी त्यांच्या गल्लीला. त्यानंतर निम्मा वेळ खाली, निम्मा वेळ वर, आणि व्हॉल्व्ह फिरवताना दोन्ही गल्ल्यांचं एकेक माणूस पुनाभाऊंजवळ उभं.

तोतारामकाका तडकले. "वा रे वा. आपलं मानूस निवडून आनलं आन आपलीच तोटी बंद? आमच्या बापजन्मात पयल्यांदा पानी चढलं. त्याचं काही नाही?"

त्यांचंही खोटं नव्हतं. आमची गल्ली वर्षानुवर्षं बोटभर धारेवर जगली आहे. आई म्हणाली, "भाऊ, म्हणूनच निम्मं म्हणतेय. पण आधी घेतलेलं द्यावं लागेल."

"मी नाही घेतलं. पुनानं दिलं."

"मलाही पुनानंच दिलं," आई म्हणाली.

काका उठून गेले. त्यांच्यामागे आमच्या गल्लीतली आणखी काही माणसं गेली. आबा दाराजवळ बसले होते, मी पाहिलं तेव्हा तेही नव्हते. खालच्या गल्लीच्या बायकासुद्धा जाताना आईशी बोलल्या नाहीत. ठरलं ते ठरलं, एवढंच.

घरी येताना आई म्हणाली, "पुढच्या वेळी कुणी येईल असं वाटत नाही."

मी म्हटलं, येतील.

"कशावरून?"

मला आता असं वाटतं की मी आईला तिच्या माणसांपासून तोडलं. खुर्ची, शाल, टाळ्या यांत ती सुखी नव्हती, पण निदान लोक समोर तरी बसत होते. पौर्णिमेचं सुचवलं मी, आणि विहार रिकामा झाला तर एकटी बसणार ती.

५ फेब्रुवारी, गुरुवार

तोतारामकाका आईला नमस्कार करत नाहीत. पीकोला दिलेल्या साड्या तशाच परत नेल्या. खालच्या गल्लीतूनही या आठवड्यात कपडे शिवायला कुणी आलं नाही. आई दुपारी मशीनला तेल घालत बसली होती. त्याला आधीच तेल होतं.

आईने पुनाभाऊंना बोलावून नवीन पद्धत सांगितली. ते म्हणाले, "ताई, असं कोनी करत नाही." मग म्हणाले, "माह्यावर नाव येऊ देऊ नका." आईने कबूल केलं.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी पाणी आलं, खाली. आमचा नळ नुसता एकदा खोकला आणि गप्प झाला. ओट्यावर उभं राहिलं की खालच्या गल्लीतला आवाज ऐकू येत होता. कळश्या, पिंपं, बायकांची हाकाटी.

आपली टाकी ३१ तारखेच्या पाण्यावर अजून अर्धी आहे, त्यामुळे आमचं अडणार नव्हतं. तरी आबांनी वीस लिटरचा कॅन घेतला आणि काही न बोलता उतार उतरू लागले. मी घाबरले. एकतर या वयात कॅन घेऊन चढ, आणि दुसरं म्हणजे आज आमच्या घरातलं माणूस तिथे पाणी मागायला गेलेलं कुणाला आवडलं असतं? आईला हाक मारावी की नको हे ठरेना, म्हणून मीच मागे गेले.

अक्कांच्या घरासमोर सार्वजनिक नळ आहे, तिथे रांग होती. आबांना पाहून दोन बायकांनी सरकून जागा केली. म्हाताऱ्या माणसाला करतात तशी. आबा पुढे होणार तेवढ्यात अक्का ओट्यावरून म्हणाल्या, "आबा, नगरसेविकाना सासरा म्हनीसन पुढे नका येवा. मांगे नंबर लावा."

मला वाटलं आता आबा परत फिरतील. माझ्या लहानपणी कुणी त्यांना असं बोललं असतं तर त्यांनी हंडा तिथेच ठेवून दिला असता.

आबा म्हणाले, "मागेच लावतो. मला कुठे घाई आहे." आणि शेवटी जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या मागे उभी राहिले. आमच्या पुढे बरीच माणसं होती. आबांनी कॅन उलटा ठेवला आणि त्यावर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "मी इथूनच न्यायचो वर. इथे जोर आहे पाण्याला." मग बराच वेळ नळाकडेच बघत राहिले. मी त्यांची त्या दिवशीची माफी मागितली. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही, म्हणाले, "सरक पुढे, नंबर जाईल."

आमचा नंबर आला तेव्हा अक्का खाली उतरून आल्या. कॅन भरला, त्यांनी झाकण लावून दिलं. आबांना उचलू दिला नाही, माझ्या हातात दिला. मी निघाले तर मागून म्हणाल्या, "मित्रा, पुढली पुनवले माले गटारनं इचारनं शे. तुन्ही मायले सांगी ठेव, तयार ऱ्हाय म्हना."

मी म्हटलं, सांगते.

"आन काय कराव, कव्हय कराव, बठ्ठं सांगाले लावसू. नुसतं बघते म्हनाले नको."

कॅन घेऊन चढ चढताना तीनदा खाली ठेवावा लागला. घरी आल्यावर आईला जसंच्या तसं सांगितलं, अक्कांच्याच शब्दांत. आई कापड बेतत होती. तिने कात्री खाली ठेवली.

"म्हणजे येणार आहेत," ती म्हणाली. आणि मग, "त्या गटाराचं काम कुणाकडे असतं, उद्या विचारून यायला हवं."